पेटीतली वही

माझ्या दाराशेजारी पत्र्याची पेटी ठोकलीय,
आत गस्तीची वही.
चौकीतल्या बैठकीत साहेबांनी विचारलं होतं,
या गल्लीत रात्री जागं कोण असतं?
सगळ्या बायांनी माझ्याकडे बोट केलं.
हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय
मला कुठली झोप.

पेनाला दोरा मीच बांधलाय, विडीचा, लाल.

दोन-दहाला मोटरसायकल येते.
हवालदार शिवशरण सही करतात, वेळ टाकतात,
पुढे लिहितात : सर्व शांत.
मग तांब्याभर पाणी.
"काय करलालीस अक्का, अजून?"
"तुम्ही करलालाव तेच."

गड्ड्याच्या यात्रेत काठ्या निघाल्या
आणि सगळे पोलीस होम मैदानावर.
चार रात्री पेटी उघडलीच नाही.
पाचव्या रात्री त्यांनी
चार सह्या एकदम केल्या.
दोन-दहा, दोन-पाच, दोन-वीस, दोन-दहा.
वेळा मनानेच मागेपुढे केल्या,
खरं वाटावं म्हणून.
चारही ओळींत सर्व शांत.
डोळे सुजले होते त्यांचे. मी पाणी दिलं.
पंचविसाच्या बंडलात
माझीही एखादी विडी पोकळ निघते.

त्या चारातल्या तिसऱ्या रात्री
चिल्वेरीच्या शेडमधली मागाची मोटर गेली.

मी पाहिलं नाही काही. ऐकलं.
हातगाडीचं डावं चाक, कुईं, थांबून पुन्हा कुईं.
दिवसा त्याच गाडीवर इस्त्रीचे कपडे असतात.
अंबादास. भूदेवीचा.
मी आणि भूदेवी एकाच कारखान्यात
तेंदूपानं घ्यायला रांगेत उभ्या राहतो.

वहीत लिहायला जागा होती.
मी सूप उचललं, तिच्या ओट्यावर जाऊन बसले.
पानं कापली, तंबाखू भरला,
अर्धा दिवस दोघी काही बोललो नाही.
उठताना म्हटलं,
"पोराला सांग, चाकाला तेल घाल.
माझ्या घरापर्यंत ऐकू येतं."
तिची कात्री हातातच राहिली.

सकाळी मोटर चिल्वेरीच्या दारात,
जुन्या चादरीत गुंडाळलेली,
आजारी माणसासारखी.
चिल्वेरी तक्रार मागे घ्यायला गेला,
त्याला तिथे दोन तास बसवलं.

मग मी पेटी उघडली.
मराठी वाचते, लिहिताना हात अडखळतो,
म्हणून त्या चार ओळींखाली
तेलुगूत माझं नाव लिहिलं.
महिनाअखेर साहेब तपासायला आले.
बोट ठेवून म्हणाले, हे काय?
शिवशरण जमिनीकडे बघत होते.
मी म्हटलं, जागी होते, म्हणून.

साहेबांनी खाली शेरा मारला : पाहिले.

अंबादासने चाकाला तेल घातलंय.
गाडी आता जराही वाजत नाही.
पूर्वी विड्या वळता वळता
कानावर भागायचं,
आता खिडकीशी बसावं लागतं.