बोट

दिवसा मी कारखान्यात सॅमनची वजनं नोंदते,
रात्री जुन्या सामन्यांचे आकडे.
हात तेच, वास तोच.
कीबोर्डवर आठच्या बटणाखाली
एक खवला अडकलाय, निघत नाही.

नोर्दविकचा तो सामना, सन बहात्तर,
इंटरनेटवर मला तीन ठिकाणी सापडला.
एकीकडे एक-शून्य,
दुसरीकडे शून्य-शून्य,
तिसरीकडे आधी कार्डाचा नंबर द्या, मग सांगतो.
शेवटी ग्रंथालयातला जुना पेपर काढला,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक्क्याऐंशीवं मिनिट. पेनल्टी. रोई. बाहेर.
भरलं. सेव्ह केलं. झोपले.

चुकीवर बोट ठेवायला लोक येतातच,
अमक्याचं कार्ड पिवळं होतं, तमक्याचा गोल हातानं होता.
स्वतःच्या चुकीसाठी आजवर कोणी आलं नव्हतं.

हालुर आला.
वय ऐंशीच्या पुढे, गुडघे त्याहून जुने.
बूट न काढता थेट स्वयंपाकघरात,
आमच्या बेटावर असं कोणी करत नाही.
नातवाचा फोन माझ्या नाकासमोर धरला:
"हे खोटं आहे. ती मी घालवली."

पेपरात रोई लिहिलंय, मी म्हटलं.
"पेपरवाला पलीकडच्या बेटाचा.
त्यानं आडवा पडलेला माणूस पाहिला
आणि त्याचंच नाव विचारून घेतलं."

मग मला आठवलं, आईनं सांगितलेलं.
आमचं मैदान समुद्राच्या काठावर,
ठिपक्यावर ठेवलेला चेंडू
शिट्टी व्हायच्या आधीच चालू लागायचा.
म्हणून एकजण ओल्या गवतावर पालथा पडायचा,
हात लांब करून
एका बोटानं चेंडू दाबून धरायचा,
आणि दुसरा धावत यायचा.

"रोईनं बोट ठेवलं होतं, मी मारला.
आधी त्याचं बोट लागलं, मग चेंडू.
चेंडू गेला खाडीत.
तीन हिवाळ्यांनी बोटही गेली,
रोईसकट.
पन्नास वर्षं गाव मला टोमणे मारतंय, मारू दे,
ते माझे आहेत.
मेलेल्याच्या अंगावर टाकू नकोस."

पुरावा जोडल्याशिवाय नाव बदलता येत नाही.
नियम माझाच.
हालुरनं कोटाच्या आतून पाकीट काढलं,
पाकिटातून काळापांढरा फोटो:
सामन्यानंतर दोन आठवड्यांनी रोईचं लग्न,
केक कापायची सुरी, सुरीवर चार हात,
त्यातल्या एका तर्जनीचं नख
डांबरासारखं काळं.

नाव बदललं.
आता हिशेब आपोआप लागतो:
पेनल्टीची अपेक्षा शून्य पूर्णांक शहात्तर,
शंभरातल्या शहात्तर आत जातात म्हणे.
कुठल्या शंभर, कुठल्या मैदानावर,
ते गणिताला विचारायचं नसतं.
मी रकाने पुन्हा तपासले.
वाऱ्याला रकाना नाही.
पालथं पडणाऱ्याला नाही.
असिस्ट लिहावं, तर असिस्टला आधी गोल लागतो.
उरला टिपेचा चौकोन, त्यात चाळीस अक्षरं मावतात.
तिथे लिहिलं: वारा होता. रोईनं बोट ठेवलं होतं.

हालुर खांद्यावरून वाचत होता, ओठ हलवत.
"आणि त्याच्या नावापुढे आता काय राहिलं?"

बावीस सामने, शून्य गोल, शून्य चुका.

"शून्य चुका!"
तो इतका हसला की खोकला लागला.
"रोई? दर शनिवारी दोन तरी करायचा!
आज असता तर हेही दुरुस्त करायला आला असता."

कॉफी ठेवू का, मी विचारलं.
त्यानं खुर्ची ओढली,
आणि खाली वाकून, एकेक नाडी सोडत,
बूट काढले.