परवा

बार्मथच्या टेकडीवरची घरं
एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी आहेत.
बावीस वर्षं मी त्यांच्या दारांतून पत्रं सरकवली.
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, कुठल्या फटीत बोट अडकतं,
बिल आलं की कोण पडद्याआड होतं,
सगळं पायांना पाठ.

मग तो ताप आला आणि गेला.
म्हणजे लोक म्हणाले, गेला.
मी आपल्याच जिन्याच्या सातव्या पायरीवर बसलेली,
खालून गेथिन विचारतोय, काय आणायला निघालीस?
आठवेना.
त्याच आठवड्यात किटलीला मी 'ती ओरडणारी' म्हणाले.
तो हसला. मीही हसले.
मग बराच वेळ दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

रिपोर्ट सगळे चांगले.
रक्त चांगलं, फुप्फुसांचा फोटो स्वच्छ.
इतक्या चांगल्या कागदांपुढे
माणसानं कुठल्या तोंडानं आजारी असावं?

एलुनेद दर मंगळवारी यायची, छोट्या पिवळ्या गाडीतून.
तिच्या पिशवीत औषध नव्हतं.
एक स्टूल अंघोळीला, एक बटाटे सोलायला,
एक वही, तीन रंगीत पेन्सिली.
म्हणाली, दमायच्या आधी थांबायचं.
मी म्हटलं, आधी कसं कळणार?
म्हणाली, त्यासाठीच तर मी येतेय.

दम लागणं ठाऊक होतं मला.
दम देणं, ते आईकडून भरपूर मिळालं.
दम धरणं मात्र
पन्नाशीत, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून शिकले.
ज्योत हलेल पण विझणार नाही
इतकाच श्वास ओठांतून सोडायचा.
अर्धा बटाटा सोलायचा. सुरी ठेवायची.
उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसायचं,
त्याला काळं पडू द्यायचं.

वहीत अंघोळ लाल निघाली.
इस्त्री लाल.
बहिणीचा फोनसुद्धा लाल, कारण ती हसवते.
हिरवं काय, तर खिडकी.
खाडीवरचा लाकडी पूल, त्यावरून जाणारी दोन डब्यांची गाडी,
आणि ओहोटीत रुतून बसलेल्या होड्या,
ज्यांना कुणी आळशी म्हणत नाही.

मार्चमध्ये एक दिवस बरं वाटलं
आणि मी उधळले.
ओव्हन घासला, गाद्या उलटल्या, पडदे धुतले.
दुसऱ्या दिवशीही ठीक.
तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना,
आणि चार दिवस मी त्याच धुतलेल्या पडद्यांमागे पडून.

एलुनेद रागावली नाही.
वहीची पानं मागे उलटत तिनं एवढंच विचारलं,
परवा काय केलं होतंस?

मी टपालवाली, मला कळायला हवं होतं.
हे दुखणं स्वस्त तिकिटाच्या पाकिटासारखं.
आज पेटीत टाकलेलं परवा पोचतं,
आणि पत्ता कधी चुकत नाही.

चॅपलच्या मागच्या खोलीत, गुरुवारी, पाच खुर्च्या.
एक बेकरीवाला, त्याला पावाचा वास येत नाही.
एक शिक्षिका, मुलांची नावं विसरते म्हणून रडली.
तिथं एकदाही कुणी म्हणालं नाही,
दिसतेस तर छान!
त्यासाठी मी अर्धा दिवस राखून ठेवायची.

एलुनेदचे बारा मंगळवार संपले.
वही माझ्याकडे राहिली, स्टुलंही.
हिरवी पेन्सिल आता लाल पेन्सिलीपेक्षा आखूड आहे,
थोडीशीच, शेजारी धरली तर कळेल इतकी.

आणि आज,
माझ्या जागी आलेल्या पोरानं
नऊ नंबरच्या इद्वलचं पाकीट आमच्या दारात टाकलं.
गेथिन म्हणाला, दे, मी देऊन येतो.
मी कोट चढवला.

तीन दारं, सगळा चढ.
पहिल्या दारानंतर भिंतीवर बसले. दम लागला नव्हता, तरी.
दुसऱ्यानंतर पुन्हा बसले. समुद्र बघितला.
नवाच्या फटीत बोट अडकलं,
तिथंच, जिथं बावीस वर्षं अडकायचं.

इद्वलनं दार उघडलं. आधी बोट बघितलं, मग मला.
बरी झालीस? म्हणाला.

मी त्याच्या पायरीवर टेकले आणि म्हटलं,
परवा सांगते.