नाकाचा उठाव

पहिला बोर्ड साडेदहा फुटी,
सानपाड्यातल्या एका मुलाचा. दोह्याला निघाला होता तो,
टीव्ही, सायकल आणि हा, असं एकदमच विकत होता.
टीव्ही मी घेतला नाही.
बत्तीस इंच रुंद, वर उताणं झोपावं इतका ऐसपैस.
लिफ्टमध्ये मावेना. मग पाच जिने, दर रविवारी,
तिसऱ्या मजल्यावर मेनन आजोबांची कढीपत्त्याची कुंडी
वाचवत वळायचं, आधी शेपूट, मग मी.
सोसायटीची नोटीस लागली:
पॅसेजमध्ये होडी ठेवू नये.
होडी म्हणाले. मला बरं वाटलं.

खाडीत गुणी होता तो.
दिवाळ्याच्या जेट्टीवरून भरतीला निघायचं,
तिवरांच्या कडेकडेनं, चिखलात निवट्या टुणकन उडताना बघत,
आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर परत.
त्यानं मला कधी पाडलं नाही, आणि
कुठे नेलंही नाही.

पण उरणला, पीरवाडीच्या किनाऱ्यावर,
मागून कमरेएवढी लाट आली
की हा नाक खुपसायचा.
लाट उचलते, नेते, अजून नेते,
आणि समोरचं टोक एकदम पाण्याखाली, मी त्याच्यावरून पुढे,
तोंडात वाळू, घोट्याला दोर,
दोराला तो.
सरबताच्या गाडीवरचा माणूस मोजत असायचा.
'सहा,' म्हणाला एकदा, मी न विचारता.

वाशीच्या दुकानात म्हटलं, लाटेवर चालेल असा हवा.
'तलावात मस्त चालतो, मॅडम.'
तलाव नको.
'पाणी सगळं सारखंच.'

खारघरच्या तन्वीरचा मागून आणला, साडेसात फुटी.
लाटेवर म्हणे सुरी.
उभी राहिले, तर घोट्यापर्यंत बुडाला,
अगदी शांतपणे, मला घेऊन.
तन्वीर छप्पन्न किलोचा.
मी एकाहत्तर. ओले कपडे वेगळे.

शेवटी पदू नाखवा.
जेट्टीमागे फायबरच्या होड्यांना ठिगळं लावतो.
माझा बोर्ड त्यानं दोन पिंपांवर उलटा टाकला,
एक डोळा मिटून लांबून बघितलं,
हाताला लागलेलं रेझिन लुंगीला पुसलं.
'पाटा हाय हा. मसाला वाटाचा.'
मग समोरच्या होडीकडे हनुवटी:
'नाल बगलीस तिची? वर का असतं नाक?'
मी गप्प.
त्यानं तळवा उताणा धरला, बोटं वर वाकवली,
'एवरा तरी उठाव पायजे. आन कड,
पुरं गोल, मागं धार. मागं गोल असल त पानी सोरीत नय.'
खडूनं फरशीवर काढूनही दाखवलं.
त्यावर एक मांजर येऊन बसली.

करंजाच्या एका गोदामात सापडला मग,
साडेआठ फुटी, कडेला फुटलेला, उन्हानं पिवळा.
मी टेप नाही लावली.
उलटा केला, एक डोळा मिटला,
नाकाखाली बोटं सरकवली. चार मावली.

पदूनं भेग बुजवायला तीन आठवडे लावले,
मधे दर्याला गेला होता.

खाडीत हा भित्रा. थरथरतो, तीन वल्ह्यांत डावीकडे तोंड करतो.
जेट्टीवर सकाळी चालणारे थांबून बघतात,
एकानं विचारलं, शिकताय का?
हो म्हटलं.

पीरवाडीला, कार्तिकातल्या एका सकाळी,
लाट मागून आली, मी एक पाय मागे सरकवला,
आणि नाक राहिलं वर.
टोकाखाली हवा, हवेखाली फेस,
वल्हं उजवीकडे टेकवलं तर तो वळला,
खरंच वळला, लाटेच्या पोटाला धरून,
मी ओरडले काहीतरी. शब्द नव्हता तो.
मग पडलेच.
सरबतवाला: 'दोन. आज बरं हाय.'

लिफ्टमध्ये मावतो, पण तिरका,
आणि मग माणसं मावत नाहीत.
मेनन आजोबा जिन्याकडे वळतात,
होडी लहान झाली का, विचारतात.

साडेदहा फुटी पदूकडेच आहे, त्या दोन पिंपांवर.
त्याची बायको त्यावर जवळा सुकवते.
सपाट आहे, म्हणते, एक दाना खाली परत नय.