तीन गिऱ्हाइकांचं दुकान

मुजीबनं नांदेडहून पिशवीत आणला तो,
करंगळीएवढा. निळा, आणि नाकापासून शेपटीपर्यंत
काळी रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी.
क्लीनर रास म्हणतात ह्याला, म्हणाला,
मामू, हा तुमच्याच धंद्यातला.

खरंच होता.
समुद्रात, खडकाच्या एका कोपऱ्यावर ह्याचं दुकान असतं.
जागा बदलत नाही. गिऱ्हाईक पत्ता धरून येतं,
नंबर लावतं.
एका घासात ह्याला गिळतील असे मासे
आ करून उभे राहतात
आणि हा आत शिरून दातांच्या फटी साफ करतो,
कल्ल्यांमागची कीड, मेलेलं कातडं.
दिवसाला दोन हजार, मुजीब म्हणाला.
मी दिवाळीच्या आदल्या दिवशी एकसष्ट केलेत एकदा,
तेही मुंजाजी आणि मी मिळून.

वसमत रोडवर, आरशाच्या शेजारी, चार फुटी काचेत
मी समुद्र करून ठेवलाय.
नळाला आठव्या दिवशी पाणी, म्हणून जार विकत घ्यायचे,
त्यात पुड्यातलं मीठ, काट्यावर तोलून,
मे महिन्यात बर्फाच्या बाटल्या.
जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना,
हसा.
पण दाढीला बसलेला माणूस
मान न हलवता समुद्र बघतो इथं.

पहिल्या दिवशीच त्यानं डाव्या दगडापाशी दुकान मांडलं.
शेपूट वर करून नाचायचा,
या, बसा, म्हणाल्यासारखा.
दोन जोकर मासे आणि एक पिवळा टँग,
एवढंच गाव.
टँग आला, अंग तिरकं करून उभा राहिला,
गिऱ्हाइकाची रीत ठाऊक होती त्याला.
पाच मिनिटांत झालं. तो आधीच स्वच्छ होता,
मीच औषध टाकलं होतं पाण्यात, कीड राहू नये म्हणून.

मग हा त्याच्या मागंच लागला.
पुन्हा. पुन्हा.
गुळगुळीत गालावर उलटा वस्तरा फिरवावा तसा.
टँगच्या अंगावर ओरखडे आले
आणि मला वीस सालचा उन्हाळा आठवला:
शटर अर्धं, खुर्चीवर फडकं,
मी मुंजाजीचे केस तिसऱ्यांदा बारीक करतोय
आणि तो म्हणतोय, मालक, राहू द्या आता,
काहीच उरलं नाही.

कोळंबी किसून दिली. लसणात भिजवून दिली.
शिवला नाही.
कारागीर माणूस, फुकटचं कसं खाईल,
भालेराव क्लार्क म्हणाला, तोंडाला फेस असताना.
पोट आत गेलं. डोक्यामागं खळगा पडला.
रात्री मात्र दगडाच्या फटीत
लाळेची पातळ पिशवी अंगाभोवती ओढून झोपायचा,
वेळेवर, शटर लावल्यासारखा.
मुजीबला फोन केला, परत ने.
म्हणाला, नेऊ कुठं मामू? समुद्र का जवळ आहे?

नवव्या दिवशी काच पुसायला हात घातला, कोपरापर्यंत,
आणि बोटाला काहीतरी टोचलं.
टोचलं म्हणजे, विचारलं.
तुरटीनं तडकलेली, साबणानं पांढरी पडलेली
बत्तीस वर्षांची बोटं.
त्यानं अंगठ्यापासून सुरुवात केली,
नखाच्या कडेची सालपटं, मग करंगळीकडं,
मध्येच जरा मागं सरून काम बघितलं,
मी बघतो तसं.
खुर्चीतलं पोरगं म्हणालं, मामा, माझी कटिंग?
म्हटलं, थांब. माझी चालू आहे.

लोक विचारतात, हा मासा पाळायला कसा?
मी सांगतो, जोकर घ्या. ह्याला अख्खी पेठ लागते.
दोन हातांवर ह्याचं भागत नाही, मला दिसतं,
खळगा अजून आहे डोक्यामागं.
सकाळी शटर वर करतो
आणि लाइट लावायच्या आधी
बाही.