कपाटातला स्टोव्ह

वास लपवता येत नाही, हे एर्मिनाला ठाऊक होतं.
तरी तिने कपाटातले कोट काढून पलंगावर टाकले,
आत रॉकेलचा स्टोव्ह मांडला,
दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला
आणि खलबत्ता मांडीवर घेतला,
झोपमोड झालेलं मूल घ्यावं तसा.

स्खेवेनिंगन. जानेवारी, पंचावन्न साल.
खिडकीबाहेर समुद्र होता, पण ओळखीचा नव्हे;
ह्याला रंगच नव्हता,
भांडी विसळून उरलेल्या पाण्यासारखा.

खाली मेव्राउ स्खेल्टेमांची खानावळ.
सहाला घंटा. मंगळवारी बटाटे,
बुधवारी, बदल म्हणून, बटाटे.
जेवणाचे पैसे सरकार कापून घेई
नवऱ्याच्या पगारातून. कोटाचेही.
सुएझला बोट थांबली तेव्हा एका शेडमध्ये
लोकरीचे कोट वाटले होते सगळ्यांना.
फुकट वाटले, असं तिला वाटलं.
पुढे पावती आली: दरमहा साडेतीन गिल्डर.

आजी जावाची, आजोबा डेल्फ्टचे,
आडनाव कुणा पोर्तुगीज खलाशाचं,
कागदावर डच.
ह्या देशात पाऊल पहिल्यांदाच ठेवलं,
आणि धक्क्यावरचा कारकून म्हणाला, परत आलात, बरं झालं.
परत.

मेव्राउ रोज फ्लॉवरवर जायफळ किसत.
आई किसायची म्हणून त्या, आजी किसायची म्हणून आई.
त्यांच्या लेखी जायफळ
पवनचक्कीइतकंच इथलं.
सोळाशे एकवीस साली बांदा बेटांवर
ह्या फळापायी किती माणसं उरली,
हे किसणीला कुठून कळावं?

मिरचीचीही तऱ्हा तीच.
ती जावाचीही नव्हे, आमचीही नव्हे;
दुसऱ्याच खंडातून गलबतात बसून आली,
आमच्याकडे मिऱ्यांच्या घरात भाडेकरू राहिली
आणि पुढे त्यांचंच नाव लावू लागली.
आता कुणी विचारत नाही तिला कागदपत्रं.

एर्मिनाने मिरच्या वाटल्या.
(हे वाटणं तिसरं. पहिली दोन वर आली आहेत.)
मग पुडीतून कोळंबीची काळी वडी काढली,
त्रासी म्हणतात तिला, आमच्या कानाला शोभेलसं नाव,
आणि तेलात टाकली.

मग जे व्हायचं ते झालं.
वास टॉवेलाखालून निघाला,
जिना उतरला, एक एक पायरी,
राणीच्या तसबिरीपाशी क्षणभर थांबला,
आणि मेव्राउंच्या झोपेत शिरला.

दार वाजलं. बाहेर नाइटगाऊन, हातात मेणबत्ती,
तोंडात भिंतीच्या कागदाचा आणि शेजाऱ्यांचा विषय.
पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच ठसका.
असा ठसका, की मेणबत्ती विझली.
एर्मिना पाणी देईना.
"पाणी नको, त्याने वाढतं. भात खा."
अंधारात बशी पुढे केली.

आमच्यात ठसका लागला की म्हणतात,
कुणीतरी आठवण काढली.
मेव्राउंची त्या रात्री कुणी काढली
सांगता येत नाही. यादी मोठी आहे.

त्यांनी उभ्याउभ्याच बशी संपवली.
बरं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत.
नाक पुसलं, भिंत चाचपत खाली गेल्या.

सकाळी जिन्यात सूचना लागली,
गोलगोल शाळकरी अक्षरात:
खोलीत स्वयंपाक सक्त मना.
खाली सही होती.
आणि कोपऱ्यात, कागद भिंतीवर दाबला असेल तिथे,
तांबड्या तेलाचा एक अंगठा.

कोटाचा हप्ता साठ सालापर्यंत चालला.
तोवर अस्तराला तो वास धरला होता.
ट्राममध्ये माणसं जरा सरकून बसत;
एर्मिना पाय पसरून घेई.