एककाचं घर

हीउमा बेटावरच्या आमच्या शाळेत आठ मुलं उरली,
म्हणून वाल्वेबाईंनी फळ्यावर आठच आकडे लिहिले:
७३९३९१३३.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.
"हिला कशानंच भाग जात नाही," बाई म्हणाल्या,
"एक आणि ती स्वतः, एवढंच हिचं गणगोत."

सगळ्यात थोरला टानेल एककाच्या घरात.
शेजारी त्याची जुळी बहीण मीर्ट. दोघंही तीन.
मग आइगार, जो बोलायचाच नाही: एक.
अगदी डावीकडे मी.
सात वर्षांची, म्हणून सात.
पाय जमिनीला टेकत नव्हते
आणि घर कोटीचं.

वसंतात टानेल रोहुक्युलाच्या बोटीत बसला, पुढच्या शाळेसाठी.
बाईंनी ओल्या स्पंजानं उजवीकडचा तीन पुसला.
"आता बघा, भाग जातो का."
नाही गेला.
गोवरानं मीर्टचं एक वर्ष बुडालं होतं,
ती पुढच्या वसंतात गेली.
तरी नाही.
आइगार गेला तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही,
फक्त फळा थोडा रुंद वाटला.

पाच जण राहिलो, ७३९३९,
त्या हिवाळ्यात हेल्यूनं मूळ संख्या घेऊन
दोनपासून दोनशे एकाहत्तरपर्यंत
अठ्ठावन्न भागाकार केले,
बोटमोजे न काढता.
दर वेळी बाकी उरली.
बाकी उरणं हाच पुरावा, बाई म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात समुद्र गोठला.
बर्फावरून पलीकडे जायला रस्ता झाला,
आणि बाबांनी आमच्या बॅगा गाडीत टाकल्या.
गोदीत काम होतं. पगारही होता.
मी रात्री वहीत सात खोडून पाहिला:
३९३९. तिनानं भाग जातो. तेरानंही.
हे मी बाबांना दाखवलं नाही.
बाबा का थांबले मला माहीत नाही;
आजही विचारलं तर म्हणतात, बर्फ पातळ होता.

नववा कुणी आलाच असता तर?
एकदा मी विचारलं.
बाईंनी मूळ आठ आकडे पुन्हा लिहिले.
उजवीकडे एक ठेवला: तिनानं भाग.
सात ठेवला: तिनानंच.
"तीन आणि नवाशी मी कित्येक रात्री झगडले," त्या म्हणाल्या,
"तेही फुटतात. जागाच नाही, बाळ.
ही संख्या फक्त कमी होऊ शकते."

दर वसंतात माझी किंमत दहापट उतरत गेली.
दशलक्ष, लक्ष, हजार, शंभर.
शेवटी ७३. शेवटी कैया बोटीवर चढली,
आणि मी, जागची न हलता,
एककाच्या घरात येऊन पोचले.
तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत होते.

सात पुसायला बाईंनी स्पंज उचलला
आणि माझ्या हातात दिला.

शाळेत आता उन्हाळ्यात धुरावलेले मासे विकतात.
फळ्यावर भाव लिहितात, किलोचे.
मी अर्धा किलो घेतला, सुट्टे मोजले.
भावाच्या मागे, अगदी डाव्या कडेला,
आमच्याकडे साताच्या पोटात मारतात ती आडवी रेघ
अजून दिसते, तिरकं पाहिलं तर.
मी पुसलं होतं नीट.
मला आठवतं, नीट पुसलं होतं.