उंचीचा रकाना

क्वार्टर सोडायच्या आदल्या रात्री
बाबा दाराच्या चौकटीपाशी उकिडवे बसले,
हातात ऑइलपेंटचा डबा, दोन इंची ब्रश.
चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा होत्या:
मी, वासंती,
आणि कडीच्याही खूप खाली
हेरंब, जो तिथवरच वाढला.

"राहू दे ना," आई म्हणाली.
"शासनाचं दार आहे."
एवढंच बोलून त्यांनी पहिला हात मारला.

हेच बाबा. दिवाळीत ठेकेदाराचा काजूकतलीचा पुडा
शिपायाबरोबर परत गेला, तेव्हा वासंती
जिन्यापर्यंत रडत त्याच्या मागे गेलेली.
भायखळ्याच्या इस्पितळात वॉर्डाचं छत गळू लागलं,
तर तीन रात्री तिथेच,
बादल्यांच्या मधे खुर्ची टाकून.
त्यातल्या दुसऱ्या रात्री हेरंबला ताप चढला.
तो विषय आम्ही कधी काढला नाही.
त्यांनीही नाही.

परवा मुलुंडला माळा आवरताना
शाळेची एक दोनशेपानी वही सापडली.
पट्टीने आखलेले रकाने, ऑफिसातल्या मोजमाप वहीसारखे:
नग, लांबी, रुंदी, उंची.
लांबी-रुंदीत नुसत्या आडव्या रेघा.
उंचीत आम्ही दोघी, सालवार,
प्रत्येक आकड्याशेजारी बारीक सही.

हेरंबच्या पानावर एकच नोंद.
०.८४ मी.
खाली सतरा ओळी आखून ठेवलेल्या.

मोजमाप वहीत जागा रिकामी सोडत नाहीत,
तिरकी रेघ मारून रद्द करतात.
हा नियम मला त्यांनीच शिकवला होता.

इथे रेघ नाही.